गप्प झाले की डोळे मिटतात

...आणि सख्ख्या भावानं, तुम्हाला सांगते, सख्ख्या! परक्यानं केलं असतं तर मोखाड्याच्या भर बाजारात शिव्या घातल्या असत्या, पण हा रघ्यादादा, मी त्याच्याच पाठची... सरका हो जरा. खोडाळ्याची जीप भरायला अजून चार माणसं हवीत, तोवर मला बोलू द्या. गप्प झाले की डोळे मिटतात माझे. झोप नाही हो, आजार! पापण्या आपोआप गच्च, आतून कडी घातल्यासारख्या. मग बोलले तरी घटकाभर उघडत नाहीत.

तेच दुखणं दादाला. एकाच आईचे ना! पण तो नागलीच्या शेतात डोळे मिटून उभा राहिला की लोक म्हणतात, "बिचारा, उन्हानं दमला." आणि मी बाजारात भाजी घेऊन बसले की? "मालू डोळा मारते गं!" पन्नाशीला टेकले मी... कुणाला मारू डोळा, वांग्याला? सोडलं बाजारात बसणं. त्यात मी धवलेरी, लग्नात भिंतीवर काढलेल्या चौकापुढं बसून गाणारी. गाताना डोळे कसे टकाटका उघडे! गाणं थांबलं की गच्च. एक वरमाय ओरडली, "नवरीसमोर धवलेरीनं डोळे मिटले, अपशकुन!" झालं. दोन वर्षं एक बोलावणं नाही. झोप उडाली, भाकरी गोड लागेना, उगाच रडू येतं. दादाला यातलं काही नाही, तो एसटीत टेकला की घोरतो.

नाशिकला गेलो दोघं. पापण्यांत सुया दिल्या, आठ दिवसांत दोघांचे डोळे उघडले. दादा खूश, मी मात्र तशीच रडते! तीन महिन्यांनी सुईचा जोर उतरला, पुन्हा गेलो, तर सिस्टरनं सवालांचा कागद काढला. "झोप लागते? मन उदास असतं? चारचौघांत जायची लाज वाटते?" अगं बाई, माझंच सगळं विचारते ही! मी तोंड उघडते तर दादा म्हणतो, "नाही लिहा. दोघांचंही नाही." अरे, तुझं नाही! माझं तुला कुणी विचारलं? बाहेर येऊन म्हणतो, "येडी हाय असं लिवलं असतं तं कोण बोलावणार व्हता तुला लग्नाला?" केसानं गळा कापला, आणि म्हणे तुझ्या भल्यासाठी! लई लागलं हो मनाला. नका थांबवू, बोलू द्या मला, गप्प झाले की...

म्हणून आज, सुईचा जोर पुन्हा उतरला तशी, एकटी गेले. डोळे उघडे राहायला वाटभर बोलत! एसटीत शेजारी बसलेली बाई त्र्यंबकलाच उतरली, तिला जायचं होतं नाशिकला. डॉक्टरपुढं बसले आणि सगळं ओतलं. झोप, रडू, वरमाय, वांगी, दादा, काही ठेवलं नाही. डॉक्टर टक लावून माझ्या डोळ्यांकडे बघतोय. मला वाटलं, मिळाला बाई एक ऐकणारा! तो म्हणतो, "वा मावशी, डोळे मस्त उघडे आहेत! आज सुईची गरज नाही." आणि कागदावर लिहिलं, तब्येत उत्तम. भावानं दगा दिला तो दिला, माझे डोळेसुद्धा फितूर!

तुम्हालाही खोटं वाटतंय ना? थांबा, गप्प होते. बघाच...

...

मिटले ना? बघितलंत ना सगळ्यांनी? मग तोंडानं हो म्हणा की. नुसत्या माना हलवू नका, मला दिसत नाही.