पालीच्या बागेतली नवी जात

माझी हुशारी ऐकायची आहे ना? ऐका. मी कॉम्प्युटरवाली, झाडांशी संबंध फक्त पडद्यावर. आमच्या सॉफ्टवेअरला पानातला डीएनए वाचायला दिला की त्या जातीच्या ओळखखुणा, म्हणजे मार्कर, ते शोधून देतं. पालीच्या नानांच्या बागेत जाऊन मी स्वतः हापूसचं एक पान तोडून आणलं. मार्कर भराभर मिळाले. पण बागेतल्या दुसऱ्या कलमांची पानं तपासली, तर त्यातला एकही मार्कर कुठेच जुळेना! सॉफ्टवेअर तीनदा चालवलं, उत्तर तेच. मग काय, नवी जातच सापडली म्हणून मी आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना कळवलं आणि "जातीला तुमचंच नाव देऊ" म्हणत पेढे घेऊन नानांकडे गेले.

नानांनी शांतपणे विचारलं, "पान नक्की कुठलं घेतलंत?"

मी वर बोट दाखवलं. "ती फांदी. सगळ्यात टवटवीत तीच होती."

"अहो बाई, ते बांडगूळ. आंब्याच्या जिवावर वाढतं, आंबा नव्हे तो."

मी पेढ्यांचा पुडा पाठीमागे लपवला. "आता मॅडमना काय सांगू?"

"सांगा, जात नवीच आहे," नाना म्हणाले. "फक्त तिला नाव माझं नको, तुमचं द्या."