सोड म्हणायचं नाही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सर्वांचे आदरणीय नानासाहेब. व्यासपीठावर विराजमान झालेले आपल्या सहकारी रोपवाटिकेचे चेअरमन श्रीमंतराव. ढोकीहून मुद्दाम वेळ काढून आलेले सन्माननीय पाहुणे. संचालक मंडळ, सभासद शेतकरी बंधू, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो... इथवरचं सचिव शरणबसप्पांनी लिहून दिलं होतं, ते म्या वाचलं. कुठं अडखळले न्हाय, एवढं ध्यानात घ्या. आता कागदाची घडी घालते आन् माझं माझं बोलते. मी चांगुणा, रोपवाटिकेची मुकादम. ज्यांना जय भीम त्यांना जय भीम, ज्यांना रामराम त्यांना रामराम.

अध्यक्षसाहेब, तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी हाय. ती धुळाप्पांची. ज्यांच्यासाठी हा मांडव घातला, हार आणले, ते धुळाप्पा पार शेवटी, चपला काढतात तिथं जाऊन बसलेत. चेअरमनसाहेबांनी शिपाई धाडला, तर म्हणाले, "मला शाल नको. मी आपला असाच जातो." उद्याच्या एस.टी.नं ते मुरुमला लेकाकडं जाणार, ते कायमचे. आन् असंच गेले, तर मनात काय घेऊन जातील ते मला ठाऊक हाय. म्हणून मी आज उभी राहिले, न्हायतर भाषण करणं हे का माझं काम?

पाहुणे परगावचे हायत, त्यांना जरा मागचं सांगावं लागंल. बहात्तरच्या दुष्काळात धुळाप्पांची सगळी मेंढरं गेली. आमी दोघं एकाच रस्त्यावर खडी फोडत होतो, एकाच रांगेत सुकडी घेत होतो. ते मला "ए चांगुणे" म्हणून हाक मारायचे. "ए चांगुणे, घण असा धरतेस व्हय? पायावर पाडून घेशील." स्वतःच्या लेकीला बोलावं तसं बोलायचे, आन् मीबी उलटं बोलायची. पुढं संस्था निघाली, विहीर झाली, रोपं लावली. तिथंबी आमी संगतीनंच लागलो.

मग डिझेलची टंचाई आली. बैल तर दुष्काळातच कमी झाले होते. तवा संस्थेनं प्रदर्शनातनं विजेवरचं टिलर आणलं. लहानसं यंत्र, दोन मुठी, खाली फिरणारी पाती, मागं ही लांब वायर. मुठी धरल्या की अशी ओढ घ्यायचं की आमी त्याला रेडकू म्हणायला लागलो. खरं सांगते, मला लई आवडायचं ते. खुरपं घेऊन दिवसभर जो वाफा व्हायचा, तो रेडकू बघता बघता लोण्यासारखा करून द्यायचं. पण त्याचं बटण बिघडलं. दुरुस्तीला माणूस येईना, तवर चालू-बंद लांब मोटारीच्या खोलीतनं करायचं ठरलं. खोलीत धुळाप्पा, वाफ्यात मी.

त्या दिवशी पपईच्या वाफ्यात हराळी होती. तिच्या मुळ्या पात्यांना गुंडाळल्या आन् रेडकू अडकलं. मी ओरडले, "बंद करा!" त्यांनी बंद केलं. मी खाली बसून पात्यातली हराळी उपसायला लागले. मागं वायर बाभळीच्या खुंटाला अडकली होती. आमची शिवम्मा, ही काय इथंच बसलीय, ती वायर जोरानं ओढत होती. तुटंल म्हणून म्या मान वळवली आन् तिला म्हणलं, "अगं सोड! सोड!"

आता तुमीच सांगा, आपल्याकडं सोड म्हणजे काय? हातातली दोरी सोड. दावणीची म्हैस सोड. आन् पाणी सोड, करंट सोड. धरलेलं टाकायचं त्यालाबी सोड, बंद असलेलं चालू करायचं त्यालाबी सोड! वारं खोलीकडं होतं. धुळाप्पांना तेवढा एकच शब्द ऐकू गेला, आन् त्यांनी करंट सोडला.

हा माझा उजवा हात. बघा, बघायला काय लाजायचं? दोन बोटं न्हाईत.

डोक्याचा पटका फाडून त्यांनी हात बांधला. जीपमधी उस्मानाबादला नेईस्तोवर माझं मनगट धरून बसले होते. मी दवाखान्यातनं घरी येईपर्यंत त्यांनी स्वतःचं घर बघितलं न्हाय.

संचालक मंडळ म्हणालं, टिलर इकून टाका. म्या म्हणलं, इकू नका, मला पुन्यांदा खुरप्यावर बसवू नका. मग धुळाप्पांनी आधी बटण दुरुस्त करून आणलं आन् आमाला शिस्त लावली. वायर खांद्यावरनं मागं घ्यायची, पात्यांच्या म्होरं कधी येऊ द्यायची न्हाय. वाफा ओला असंल तर रेडकू बाहेर काढायचंच न्हाय. पदर खोचायचा, पायात गमबूट घालायचे. आन् पात्यांना हात लावायच्या आधी, जिला हात लावायचाय तिनं स्वतः खोलीपर्यंत चालत जायचं, तिथलं बटण बंद करायचं, चिनीमातीचा फ्यूज काढायचा आन् आपल्या कमरेला खोचायचा. जिच्या कमरेला फ्यूज, तीच परत बसवणार. लाईट गेली तरीबी हेच, कारण ती परत येताना कुणाला इचारून येत न्हाय. उन्हाचं खोलीपर्यंत हेलपाटे घालताना बाया मनातल्या मनात शिव्या द्यायच्या. पण त्या दिवसापासनं एकीला साधं खरचटलं न्हाय. पाहुण्यांनी हे ढोकीला जाऊन जरूर सांगावं.

आणखी एक झालं. रोपवाटिकेत 'सोड' म्हणायचं बंद झालं. कुणी ठराव केला न्हाय, आपोआप बंद झालं. पाणी दे म्हणायचं, दोरी टाक म्हणायचं, यंत्राला चालू आन् बंद. शिवम्माच्या भाचीची सोडचिठ्ठी झाली, तर ही येऊन सांगते, "चिठ्ठी झाली बघा." मला वाटलं नोकरीची आली, म्या साखर मागितली! हसू नका, शिवम्मा लाजली.

पण धुळाप्पांनी अजून एक बंद केलं. मी दवाखान्यातनं घरी आले तवा मला म्हणाले, "कसं वाटतंय चांगुणाबाई तुमाला?" तुमाला! लेकीसारख्या बाईला तुमाला! तवापासनं चांगुणाबाईच. बोलताना नजर खाली, चालताना माझ्या डाव्या बाजूनं, हा हात दिसू नये म्हणून. बोटं गेली त्याचं दुःख झालंच, न्हाय कशाला म्हणू? पण डाव्या हातानं भाकरी थापायला मी शिकले. ते 'ए चांगुणे' गेलं, त्याची सवय मात्र मला आजतागायत झाली न्हाय.

धुळाप्पा, तिथनं ऐकू येतंय न्हवं? मला तुमचा राग आला होता. वायरीचा आला, हराळीचा आला, तसा तुमचाबी आला. तो गेला कवा, ते माझं मलाच कळलं न्हाय. तुमच्या हातनं झालं, पण तुमी केलं न्हाय. हे मी चारचौघांत सांगते, म्हणजे परत कुणी इचारायला नको, तुमीबी स्वतःला इचारायला नको.

अध्यक्षसाहेब, शाल घालायचा मान तुमचा. पण आज तो मला द्यावा, ही नम्र इनंती. मी ह्याच हातानं घालणार.

मला बोलायची संधी दिली त्याबद्दल संस्थेचे, पाहुण्यांचे आन् उन्हाचं बसून ऐकलंत त्या सगळ्यांचे मनापासून आभार. थोरामोठ्यांच्या म्होरं काही कमीजास्त बोलले असंल तर पोटात घाला. आन् शेवटी एक शब्द बोलणार हाय, त्यालाबी माफी असू द्या. शिवम्मा, भिऊ नको गं, सकाळचा फ्यूज अजून माझ्याच कमरेला हाय.

धुळाप्पा, लई वर्सं धरून बसलात. आता सोडा.

बायांनो, उठले ते. वाट द्या.