डबीचा हिरवा दिवा

चहा घ्या, मग हसा. सातवी शिकलेली मी, पण टाकीतलं पाणी मोबाईलवर दाखवणारी डबी मीच बनवली, कुणाच्या बापाला न विचारता. स्वयंपाकघरात लावली. वायफाय मालकांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, मोबाईलचं. ते रानात गेले की तुटायचं आणि डबी बसायची मुक्यासारखी. मग मी तिला शिकवलं, तुटलं तर जरा थांब, पुन्हा शोध, सापडेपर्यंत शोधत राहा.

तेव्हापासून मालक अंगणात आले की डबी वाजायची, दिवा हिरवा व्हायचा, आणि मी तव्यावर भाकरी टाकायची.

"तुजी डबी लई चुगलखोर हाय," ते म्हणायचे.

"माजी हाय ती. चुगली करनारच."

मालक वारले. मोबाईल बंद करून कपाटात ठेवला. डबी लाल दिवा लुकलुकवत शोधत राहिली.

पोरगा म्हणाला, "आई, आण्णा गेले. आता डबी काढून टाकू का?"

"हात तर लाव!"

वर्षश्राद्धाला फोटो हवा होता. लॅपटॉपवर घ्यायला पोरानं बाहेर ओसरीत मालकांचा मोबाईल चालू केला, हॉटस्पॉट लावला. मला कुठलं ठाऊक? इकडे डबी वाजली. दिवा हिरवा.

पोरगा आत आला, तर तव्यावर भाकरी फुगलेली.

"आई, सगळे जेवले की. ही कुनाला?"

मान वर न करता मी म्हणाले, "ताट घे. आण्णा आले तुजे."