पुढच्या सीटचा नट

हसू नका, पण थंडी पडली की मला बाबांची सायकल आठवते. दांडीवरच्या छोट्या सीटवर कानटोपी घातलेली मी, आणि मागे बिनधास्त शिट्टी वाजवणारे बाबा.

यंदा माझ्या सायकलला तशीच सीट लेकीसाठी बसवून घेतली, बाबांच्याच जुन्या मिस्त्रीकडून, रहीमचाचांकडून. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना, लेकीला बालवाडीत सोडायच्या आधी, तिला घेऊन पुन्हा दुकानात हजर.

“चाचा, सीटचा नट जरा आवळता?”

“बेटा, कालच तं आवळला!”

“बाबा नव्हते हो असे घाबरट.”

चाचा हसले. “तुहे बाबा? हप्ताभर रोज येत नट आवळून घ्याले. इथून निंघाले का शिट्टी सुरू. मले म्हणत, बाप भेऊन राह्यला हे पोरीले समजाले नाही पायजे.”

मला शिट्टी येत नाही. बालवाडीपर्यंत घंटी वाजवत गेले.