अव्वाची मूठ

हॅलो? अव्वा? अगं बोल ना! सकाळपासून नांदेडहून एक फोन नाही… शेजारच्या खाटेवरच्या सालेहाबीच्या गुडघ्यांचं नंतर सांग. तू एमआरआयच्या मशीनमध्ये गेलीस का?

हो, हो… अगं ऐक ना. मागच्या खेपेला इष्टलिंगाची धातूची डबी गळ्यातून काढणार नाही म्हणून दारातूनच परत आलीस. त्या चाचणीतल्या नव्या औषधानं छातीतली गाठ आटली की नाही, हे फोटोशिवाय कळणार कसं? इथं लातुरात मी फोन हातात धरूनच…

काय? डॉक्टरांशी भांडलीस?

…“माझ्या डबीला बंदी, अन् सुईतून मला लोखंड देता ते कसं चालतं?” भर वॉर्डात? …मी हसून नाही राहिले गं! अगं, ते कण डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. औषध गाठीपर्यंत न्यायचं, अन् कुठं पोचलो ते मशीनला दाखवायचं, दोन्ही कामं त्यांचीच.

…भूकंपातल्या मदतीच्या ट्रकसारखं नाही? हां, तेव्हा चादरी रस्त्यावरच फेकायचे, ज्याच्या हाती लागल्या त्याच्या… अन् हे औषध घर विचारत जातं! वा गं अव्वा! उद्या क्लासमध्ये पोरांना हेच सांगते.

गौरा! चावी तोंडातून काढ! …नाही गं, गिळली नाही तुझ्या नातीनं. बघितलं मी. दोनदा.

मग? …डबी बाहेर, अन् इष्टलिंग मुठीत? आधी चुंबक लावून बघितलं त्यांनी? …अर्धा तास मूठ आवळून? हलली नाहीस ना? …अन् रिपोर्ट?

…डबी अमरनाथदादाकडं? बरं, त्याला दे फोन. …गेला? कुठं?

पेढे आणायला?

अव्वा. कशाचे पेढे?

…लिंबाएवढी होती, हो, मला माहीतय. आता? …तुरीच्या दाण्याएवढी? डॉक्टर स्वतः म्हणाले? नीट आठव, तुरीच्या की हरभऱ्याच्या? …हाव, ऑपरेशन आहेच. पण छोटं. लई छोटं… रडून नाही राहिले गं! खाली क्लास सुटलाय, सायकलींचा आवाज आहे तो.

…अजून मूठ सोडली नाहीस? डबी येईपर्यंत नाही? मग फोन कोणत्या हातात धरलास? दुसऱ्या हाताला तर सलाईन…

सालेहाबीनं कानाला धरलाय?

सालेहाबी, सगळं ऐकलंत तुम्ही? …अहो, तुम्ही कशाला रडता? …बरं, हसा. हसा, पण फोन सांभाळा, पडेल… अव्वा, तू नको हात लावू… अहो—

हॅलो? …हॅलो?

पाडला वाटतं दोघींनी.