कडी बाहेरून होती

मी खाली सही करणारी, वय ५४ वर्षे, धंदा पडदे व उशांचे अभ्रे शिवणे, राहणार जुन्या पाणीटाकीची गल्ली, काचेच्या दुकानावरच्या खोल्या. ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून, घडले तसे सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझा धाकटा भाऊ असे दोघेच राहत होतो. खाली त्याचे काच कापून बसवण्याचे दुकान आहे. गल्लीत त्याला सगळे काचवाला म्हणूनच ओळखतात. त्याची बायको मुलीला घेऊन बरीच वर्षे माहेरी असते. तिला फोनने कळवले आहे. ती निघाली आहे.

भाऊ रोज दारू पीत असे. सकाळी उठला की त्याचे हात थरथरत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. थोडी पोटात गेली की हात थांबत आणि मग तो दुकान उघडत असे. थरथरत्या हाताने काच कापता येत नाही. ‘कामासाठी पितो’ असे तो म्हणे आणि त्यावरून आमची भांडणे होत. त्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही. हे मला कोणी विचारलेले नाही, पण लिहून घ्यावे.

मागच्या महिन्यात शाळेजवळ एक मुलगी टेम्पोखाली सापडून गेली. टेम्पोचालक प्यायलेला होता. त्यानंतर दारूची दुकाने बंद करा म्हणून आम्ही बायकांनी कचेरीवर मोर्चा नेला. मी पुढच्या रांगेत होते. हुकूम निघाला आणि या सोमवारपासून आमच्या भागातली सगळी दुकाने बंद झाली. खांबाखांबावर नोटिसा लागल्या. रविवारी जेवताना भाऊ म्हणाला, “ताई, बरं झालं बघ. माझ्याच्यानं काही दारू सुटत नव्हती. आता दारूनंच मला सोडलं.” आम्ही दोघेही हसलो. असे एकत्र हसून खूप दिवस झाले होते.

कडी बाहेरून का होती, असे मला विचारण्यात आले. कडी मी घातली. सोमवारी सकाळी भावाने स्वतःच सांगितले, “मला आतल्या खोलीत ठेव आणि बाहेरून कडी लाव. मी रडेन, पाया पडेन, शिव्या देईन. काढू नकोस. तू फार मऊ आहेस.” मी म्हटले, “बघच आता किती मऊ आहे ते.” त्याने आपली उशी घेतली आणि आत गेला. जबरदस्ती झालेली नाही. जेवण, पाणी मी वेळच्या वेळी देत होते. जेवण त्याने घेतले नाही.

सोमवारी दिवसभर त्याला घाम सुटला व उलट्या झाल्या. शेजारीण म्हणाली, “निघू दे. विषच आहे ते, बाहेर पडतंय.” मलाही तसेच वाटले. तो दार वाजवत होता. मी शिवणयंत्र चालू ठेवले, म्हणजे ऐकू येऊ नये.

मंगळवारी दुपारी दार वाजायचे थांबले. मी पाणी घेऊन आत गेले. भाऊ जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. पुढे चादर सपाट पसरली होती. ती त्याने वितीने मोजली. मग काच कापायचा हिरा धरतात तशी बोटे जुळवून चादरीवरून एक सरळ रेघ ओढली आणि कडेला हलकेच टकटक केले. हातात काही नव्हते. मी जवळ जाऊ लागले तर म्हणाला, “ताई, चप्पल घाल. तुकडे पडलेत.”

तेव्हा मी घाबरले. नोटिशीवर खाली एक फोन नंबर होता. तो लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, “चोरून विक्री कुठे चालू आहे का?” मी म्हटले, “नाही हो. माझ्या भावानं दारू सोडलीय आणि तो भलतंच बोलतोय.” तो म्हणाला, “सोडली ना? मग चांगलंच आहे की. हा नंबर तक्रारीसाठी आहे, बाई.” आणि फोन ठेवला. तो माणूस उद्धट बोलला नाही. त्याच्या बोलण्याने मला धीरच आला. मी पुन्हा कडी लावली.

बुधवारी दुपारी आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. दार उघडले तर भावाला झटके येत होते. तोंडाला फेस होता, डोक्याला खोक पडली होती. शेजारच्यांनी गाडी आणली. रस्त्यात पुन्हा झटका आला. त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. दवाखान्यात पोचल्यावर थोड्या वेळाने तो गेल्याचे डॉक्टरीणबाईंनी सांगितले.

त्यांनी विचारले, “रोज घ्यायचे? आणि एकदम बंद केली?” मी हो म्हटले आणि मंगळवारचे त्याचे भलते बोलणेही सांगितले. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची अशी एका दिवसात तोडायची नसते. दवाखान्यात ठेवून, औषधं देऊन सोडवावी लागते. मंगळवारी आणलं असतं तर...” दुकाने बंद झाल्यापासून असा हा पहिलाच रोगी नव्हे, असेही त्यांनी सांगितले.

‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असे लिहू का, असे जबाब घेणाऱ्या हवालदारांनी विचारले. मी नको म्हटले. ते म्हणाले, “मग कोणाविरुद्ध लिहू?” ते मला सांगता येत नाही. दुकाने उघडा असे माझे म्हणणे नाही. टेम्पोखाली सापडलेली ती मुलगी मी पाहिली होती. पण बंदीचा हुकूम काढणाऱ्यांनी रोज पिणाऱ्यांचे काय होईल हे डॉक्टरांना विचारायला हवे होते, आणि आम्हाला सांगायला हवे होते. मी मोर्चात घसा फोडून ओरडले. मलाही विचारायचे सुचले नाही. हे सगळे तक्रारीत घ्यावे.

हे सांगताना मला आठवले की मंगळवारी सकाळी मागच्या गल्लीतल्या प्लंबरची बायको आली होती. घरात दडवलेली त्याची बाटली तिने नुकतीच ओतून टाकली होती. तिने विचारले, “तुम्ही कसं केलंत?” मी तिला कडीचे सांगितले. मी तसे बोलल्यावर हवालदार लिहायचे थांबून उठले. आम्ही दोघे त्यांच्या मोटारसायकलवर तिच्या घरी गेलो. तिनेही कडी लावली होती. ती मला बघून म्हणाली, “आता नका ना उघडू, दोन दिवस निघालेत.” मी काही समजावत बसले नाही. कडी मीच काढली. प्लंबर भिंतीवरचे किडे झटकत होता. भिंतीवर किडे नव्हते. त्याला दवाखान्यात दाखल केले आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलात. त्याची बायको माझा हात सोडत नव्हती. मी सोडवून घेतला आणि उरलेला जबाब द्यायला ठाण्यात परत आले.

वरचे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तेच आहे. दोन ठिकाणी ‘मयत इसम’ असे लिहिले गेले होते, ते खोडायला लावून ‘भाऊ’ असे करून घेतले आणि मग सही केली.