पांढरा पट्टा

(पैठणपासून तासा-दीड तासावरच्या शहरातला, सिडकोतला फ्लॅट. चित्रकार तनुजा आणि पैठणहून आलेल्या तिच्या सासूबाई, भागूबाई. भिंतीला टेकवलेलं मोठं चित्र. ते मुंबईला नेणारा टेम्पो खाली उभा आहे.)

भागूबाई : धरणच हाय हे. आपलं पैठणचं.

तनुजा : आई, समुद्र आहे तो. हर्णैचा. दहा दिवस तिथल्या खडकांवर बसून काढलाय.

भागूबाई : असंल. पर पाणी आपलं हाय.

तनुजा : तुम्ही समुद्र पाहिलाय का कधी?

भागूबाई : नाय. धरण पाह्यलंय.

तनुजा : धरणाला एवढ्या लाटा असतात?

भागूबाई : वारं सुटलं का असत्यात. लाटांचं नाय म्हणत मी. खडकाच्या बुडाला पांढरा पट्टा काढलास बघ. उन्हाळ्यात पाणी उतरलं का आमच्या काठाला असाच राहतो. गाळ वाळून.

तनुजा : थांबा, मोबाइलमध्ये तिथले फोटो आहेत. हा बघा.

भागूबाई : ह्यात तर बुडाला काळं हाय.

तनुजा : हो.

भागूबाई : समद्याच खडकांना?

तनुजा : सगळ्याच. शेवाळलेले आहेत. तिथं पाणी रोज दोनदा चढतं, दोनदा उतरतं.

भागूबाई : मंग वाळायला सवडच नाय.

तनुजा : मग मी तिथं दहा दिवस काय बघत होते?

भागूबाई : काळा रंग मार की खाली. कुणाला कळतंय.

तनुजा : त्या पट्ट्यामुळंच तर उजेड आलाय सगळा. मुंबईला प्रदर्शन भरवणाऱ्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, कोकणचे किनारे ढिगानं आलेत, पण असा उजेड कुणाच्याच चित्रात नाही. तुमच्या लेकानं, शिवमनं, कंपनीत पेढे वाटले.

भागूबाई : मंग तसंच धाड.

तनुजा : खाली ‘हर्णैचा किनारा’ लिहिलंय, आई.

भागूबाई : तू काय मुद्दाम केलंस का?

तनुजा : तेच तर कळत नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान का केलं ते सांगता आलं असतं. थांबा, त्या बाईंनाच फोन करते.

भागूबाई : कर बाई. टेम्पोवाला हॉर्न वाजवून ऱ्हायला.

…

भागूबाई : काय म्हणल्या?

तनुजा : आधी हसल्या. कुणाला कळणार नाही म्हणाल्या, तुमच्यासारखंच. मी म्हटलं, निदान नाव तरी बदला. तर त्यांनी विचारलं, मग हे आहे कुठलं? मला सांगता येईना.

भागूबाई : मंग?

तनुजा : हर्णै नसेल तर समुद्राच्या प्रदर्शनात लावता येणार नाही म्हणाल्या. नका लावू म्हटलं.

भागूबाई : पहिल्यांदाच गावाबाहेर चाललं व्हतं तुझं चित्र. म्या गप बसाया पाहिजे व्हतं.

तनुजा : नाही. म्हणजे, माहीत नाही. उद्या तुमच्यासोबत पैठणला येते. काठावर बसून, समोर बघून काढते.

भागूबाई : ये की. पर तनुजा…

तनुजा : काय?

भागूबाई : तिथं बसून समुद्र निघाला तर?